गुहागरचे चार खोटे पत्ते

चिपळूण सोडले की चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरांवर रस्ता संपतो आणि सुरूच्या बनामागे समुद्र दिसू लागतो. हे गुहागर. तालुक्याच्या उत्तरेला वाशिष्ठीची खाडी, दक्षिणेला शास्त्रीची. धोपाव्याला फेरीबोटीत बसले की पलीकडे दाभोळ, तवसाळला बसले की जयगड. व्याडेश्वराचे देऊळ, नारळी-पोफळीच्या वाड्या आणि लांबच लांब पुळण. सापडायला अवघड असे हे गाव नाही. तरीही संगणकाच्या नकाशावर ते थेट आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ जाऊन पडू शकते. त्याला कारण एवढेच, की कोणीतरी त्याचा पत्ता मराठी आकड्यांत लिहिला.

गुहागर साधारण १७.४८ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७३.१९ अंश पूर्व रेखांशावर आहे. विकिपीडियावर गावाच्या पानाला एका बाजूला माहितीचौकट असते. तिच्यात असे दोन आकडे भरले की नकाशा तयार होतो आणि त्यावर गावाचा ठिपका उमटतो. तो ठिपका कोणी हाताने ठेवत नाही. ‘साचा’ नावाचा आराखडा ते आकडे उचलतो, मराठी विकिपीडियावर ज्याला ‘विभाग’ म्हणतात अशा एका छोट्या प्रोग्रॅमकडे देतो आणि तो प्रोग्रॅम गणित करून ठिपक्याची जागा ठरवतो. हा प्रोग्रॅम लुआ नावाच्या भाषेत असतो. मराठी विकिपीडिया सुरू झाला १ मे २००३ रोजी, आणि लुआ विकिपीडियांवर आली २०१३ मध्ये. त्याआधी अशी सगळी कामे साच्यांच्या महिरपी कंसांतच चालत. कंसात कंस, त्यात आणखी कंस; संदर्भांनी भरलेली मोठी पाने तयार व्हायला फार वेळ लागायचा.

आता समजा, पालशेतचे एक निवृत्त शिक्षक गुहागरच्या पानात भर घालायला बसले आहेत. गुरुजींनी आयुष्यभर फळ्यावर मराठी आकडे लिहिले. पान मराठी, मजकूर मराठी, तारखा मराठी. चौकटीत ते सहज ‘१७.४८’ आणि ‘७३.१९’ असे टाइप करतात. यात त्यांची काहीच चूक नाही. उलट, मराठी पानावर हेच अपेक्षित आहे.

पुढचा प्रवास मात्र जवळून पाहण्यासारखा आहे. साचा ‘१७.४८’ हा मजकूर लुआकडे देतो. लुआच्या दृष्टीने तो अजून मजकूरच असतो, आकडा नव्हे. मजकुराचा आकडा करायला लुआत ‘टूनंबर’ नावाचे फंक्शन आहे. इंग्रजी आकड्यांत लिहिलेले ‘सतरा’ ते लगेच ओळखते. आपला ‘१’ मात्र त्याच्या ओळखीचा नाही. संगणकात इंग्रजी एक साठवायला एक बाइट पुरतो, देवनागरी ‘१’ला तीन बाइट लागतात, आणि लुआ बाइट मोजते. ‘१७’ या दोन अंकी संख्येची लांबी विचारली तर ती सहा सांगते. म्हणून टूनंबर हात वर करते आणि ‘निल’ परत देते. निल म्हणजे काहीच नाही, शून्यसुद्धा नाही.

इथून दोन वाटा फुटतात. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने काहीच काळजी घेतली नसेल, तर त्या निलशी बेरीज-गुणाकार करताना लुआ थांबते आणि पानावर चौकटीच्या जागी लाल अक्षरांत स्क्रिप्ट चुकल्याचा संदेश येतो. दिसायला वाईट, पण निदान दिसते तरी. दुसरी वाट जास्त धोक्याची. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने विचार केला, की आकडा मिळाला नाही तर पान मोडायला नको, अशा वेळी शून्य धरू. लुआत हे दोन शब्दांचे काम आहे आणि जगभरचे लोक ते सद्भावनेने करतात. मग अक्षांश शून्य, रेखांश शून्य. महाराष्ट्राच्या नकाशावर ठिपका चौकटीबाहेर जातो. आकड्यांवर टिचकी मारून जगाचा नकाशा उघडला, तर गुहागर गिनीच्या आखातात, विषुववृत्त आणि ग्रिनिचची रेषा जिथे छेदतात त्या बिंदूवर. तिथे जमीन नाही. हवामानाच्या नोंदी घेणारा एक बोया नांगरून ठेवलेला आहे, एवढेच. गुहागरहून हे अंतर आठ हजार किलोमीटरांहून जास्त.

हा पहिला खोटा पत्ता. गुरुजींनी अक्षांश मराठीत आणि रेखांश कुठून तरी चिकटवून इंग्रजीत टाकला असेल, तर फक्त अक्षांश शून्य होतो आणि गाव मालदीवच्या दक्षिण टोकाकडच्या समुद्रात जाते. उलट झाले, तर सतरा अंशांवर सरळ पश्चिमेला सरकत ते माली देशाच्या वाळवंटात, गाओ शहराच्या उत्तरेला पोहोचते. एका गावाचे तीन खोटे पत्ते, आणि तिन्ही वेळा संगणकाने एक अक्षरही काढले नाही.

संगणकाच्या भाषेत चूक आणि इशारा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चूक म्हणजे काम थांबले. इशारा म्हणजे काम चालूच आहे, पण काहीतरी संशयास्पद दिसले, जरा बघा. वर सांगितलेल्या दुसऱ्या वाटेवर हवा होता तो इशाराच. ‘आकडा कळला नाही, शून्य धरतो आहे’ एवढे एक वाक्य कोणाच्या तरी डोळ्यांसमोर यायला हवे होते.

काही भाषा हे वाक्य स्वतःहून बोलतात. लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये आणलेली पर्ल ही त्यातली एक. पर्लला ‘१७’मध्ये एक मिळवायला सांगा. तीही मराठी आकडा वाचू शकत नाही, शून्य धरते आणि उत्तर एक देते. पण इशारे चालू ठेवलेले असतील, तर ‘बेरजेत दिलेली ही गोष्ट संख्या नाही’ असे सांगूनही टाकते. गंमत अशी, की मजकुरात अंक आहेत का हे तपासायची पर्लची जी खूण आहे, ती देवनागरी अंकांना अंक म्हणूनच ओळखते. म्हणजे दारावरचा तपासनीस ‘हो, अंक आहेत, जाऊ दे आत’ म्हणतो आणि आतला हिशेबनीस शून्य मांडतो. अशा वेळी आधार त्या इशाऱ्याचाच. पायथनचे मात्र कौतुक केले पाहिजे. तिला ‘१७’ द्या, ती सतराच वाचते; ‘१७.४८’सुद्धा बरोबर वाचते. युनिकोडमध्ये जे जे दशमान अंक म्हणून नोंदले आहेत, ते सगळे तिला चालतात.

तरीही, इशारा दिला म्हणजे तो पोहोचला असे होत नाही, आणि या विषयाचा खरा गाभा इथेच आहे. पर्ल, पायथन किंवा लुआ स्वतंत्र चालत असतील, तर समोर काळी खिडकी उघडी असते आणि इशारा त्या खिडकीत उमटतो. पण या भाषा अनेकदा दुसऱ्याच्या घरी राहतात. नकाशे काढायच्या क्यूजीआयएस या प्रोग्रॅमच्या पोटात पायथन असते. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या पोटात पर्ल बसवता येते. विकिपीडियाच्या पोटात लुआ. मोठा प्रोग्रॅम यजमान, ही भाषा पाहुणी. ती लिहिलेला प्रोग्रॅम वाचते आणि त्याबरहुकूम काम करते, म्हणून तिच्या यंत्रणेला इंटरप्रिटर म्हणतात. पाहुणीला घराची माहिती नसते. आपल्या सवयीप्रमाणे ती इशारा चुकांसाठी राखलेल्या वाटेवर सोडून देते आणि यजमानाच्या घरात त्या वाटेच्या टोकाला कोणी बसलेलेच नसते.

हे अतिशयोक्त वाटेल, पण पायथनच्या स्वतःच्या प्रोग्रॅमात ते नोंदलेले आहे. विंडोजवर काळी खिडकी न उघडता पायथन चालवली, तर चुकांची वाट अस्तित्वातच नसते. इशारे छापणाऱ्या भागात ही शक्यता तपासली आहे, आणि शेजारी टीप आहे की अशा वेळी इशारे हरवतात. मग फंक्शन गुपचूप परत फिरते.

बंदरावरच्या माणसांना हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. समुद्र खवळणार असल्याचे हवामान खात्याला कळते, खाते बंदरांना कळवते आणि बंदरावर तीन नंबरचा बावटा लागतो. दिवसा डोलकाठीवर आकार टांगायचे, रात्री लाल-पांढरे दिवे लावायचे, ही जुनी पद्धत. बावट्याचा सगळा उपयोग तो कुठे लावला यावर असतो. होडी बाहेर काढणाऱ्या माणसाला तो दिसला पाहिजे. पोटात बसवलेल्या भाषेला मात्र स्वतःची डोलकाठी नसते. ती यजमानाने उभी करायची आणि दोरीचे टोक पाहुणीच्या हातात द्यायचे.

लुआची घडणच अशी दोरी हातात घ्यायला तयार असलेली आहे. १९९३ मध्ये रिओ द जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात रॉबर्टो येरुसालिम्स्की, लुइझ एन्रिके दि फिगेरेदो आणि वाल्देमार सेलेस या तिघांनी ती तयार केली. निमित्त होते पेट्रोब्रास या ब्राझीलच्या तेल कंपनीच्या कामाचे. आधीच्या एका भाषेचे नाव ‘सोल’, म्हणजे पोर्तुगीजमध्ये सूर्य. म्हणून हिचे नाव ‘लुआ’, चंद्र. पहिल्या दिवसापासून ही भाषा दुसऱ्या प्रोग्रॅमच्या पोटात राहण्यासाठी बनवलेली आहे, आणि इतकी आटोपशीर की खेळांपासून डेटाबेसपर्यंत अनेकांनी तिला घरात घेतले. पण इशाऱ्यांची सोय तिच्यात फार उशिरा आली. जून २०२० मध्ये आलेल्या ५.४ या आवृत्तीत ‘वॉर्न’ हे फंक्शन मिळाले, आणि यजमानाला सांगता येऊ लागले की इशारा आला तर माझे हे फंक्शन बोलाव.

या सोयीतली एक बारीक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. लुआचा इशारा तुकड्यातुकड्यांनी येऊ शकतो. ‘आकडा कळला नाही:’ हा एक तुकडा, गुरुजींनी टाइप केलेले ‘१७.४८’ हा दुसरा, ‘शून्य धरले’ हा तिसरा. प्रत्येक तुकड्याबरोबर एक खूण येते, की अजून पुढे आहे किंवा आता संपले. तुकडे जुळवायचे काम यजमानाचे. ज्याने हे नीट वाचले नाही, त्याच्या नोंदवहीत एकाच इशाऱ्याच्या तीन अर्धवट ओळी होतात, आणि मध्ये दुसऱ्या कोणाची ओळ घुसली तर कशाचा कशाला मेळ राहत नाही. शिवाय लुआची नवी प्रत सुरू होते तेव्हा इशारे बंदच असतात. ‘@’ आणि त्यापुढे ‘ऑन’ असा खास संदेश दिल्याशिवाय ते उमटत नाहीत. ज्याला हे माहीत नाही, तो दिवसभर इशाऱ्याची वाट बघत बसतो.

विकिपीडियावर मात्र अजून जुनी, २००६ सालची ५.१ आवृत्ती आहे. तिच्यात ‘वॉर्न’ नाही. मग तिथे डोलकाठी कोणी उभी केली?

ती विकिपीडियाच्या यंत्रणेने स्वतः उभी केली. लुआला घरात घेणाऱ्या भागाचे नाव ‘स्क्रिबुन्टो’. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘ते लिहोत’ असा होतो. विकिपीडियावर प्रोग्रॅमही कोणीही लिहू शकतो, त्यामुळे पाहुणीला आत घेताना बरीच बंधने घातली आहेत. फायली उघडता येत नाहीत, इतकेच काय, पडद्यावर ओळ छापण्याचे साधे ‘प्रिंट’ही काढून घेतले आहे. एका पानासाठी लुआला दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ चालता येत नाही. स्मृतीची मूळ मर्यादा ५० मेगाबाइट होती. बोलायला जागा उरली ती दोन ठिकाणी. ‘लॉग’ नावाच्या फंक्शनने टिपणे लिहिता येतात, पण ती प्रोग्रॅम तपासणाऱ्याच्या खिडकीत जातात. आणि दुसरे ‘अ‍ॅडवॉर्निंग’. त्याला दिलेले वाक्य कोणी पान संपादित करताना झलक पाहिली की तिच्या वर दिसते. जतन केलेल्या पानावर ते येत नाही.

हा निर्णय मोठा विचारी आहे. गुहागरला सुटीत यायचे म्हणून मोबाइलवर पान उघडणाऱ्या पुण्याच्या कुटुंबाला ‘अक्षांश कळला नाही’ हे वाचून काही करता येणार नाही. मुंबईत किंवा परदेशात बसून विभाग लिहिणाऱ्याला ते कळून उपयोग आहे, पण तो त्या क्षणी तिथे नसतो. दुरुस्ती करू शकणारा माणूस एकच, आत्ता पान उघडून बसलेले गुरुजी. इशारा नेमका त्यांच्यासमोर, नेमका जतन करण्याआधी येतो. लाल अक्षरांत मोडलेली चौकट सगळ्या वाचकांना दाखवणे आणि काहीच न सांगता गाव समुद्रात टाकणे या दोहोंपेक्षा हे कितीतरी माणुसकीचे आहे.

पोस्टग्रेसने पर्लला घरात घेताना असाच विचार केलेला दिसतो. पर्लमध्ये इशारा आला की बोलावले जाणारे फंक्शन बदलता येते. पोस्टग्रेस सुरुवातीलाच तिथे स्वतःचे फंक्शन बसवून ठेवते. पर्लचा इशारा मग डेटाबेसचा इशारा होऊन येतो, तो प्रश्न विचारणाऱ्या माणसाला दिसतो आणि नोंदवहीतही जाऊ शकतो. क्यूजीआयएसमध्ये पायथनचे इशारे संदेशांच्या फलकात वेगळ्या नावाखाली जमा होतात. पद्धती वेगवेगळ्या, पण एक शिस्त सगळीकडे सारखी: दोरी आधी बांधायची. पर्ल प्रोग्रॅम चालवण्याआधी तो वाचून घेते, आणि वाचतानाही तिला इशारे सुचतात. यजमानाने आपले फंक्शन त्यानंतर बसवले, तर ते पहिले इशारे निसटून गेलेले असतात.

इशारे पकडता आले, की माणसाला ते सगळे दाखवायचा मोह होतो. त्याचे काय होते, याचे एक जड उदाहरण संगणकाबाहेरचे आहे. २४ जुलै १९९४ रोजी वेल्समधल्या मिलफर्ड हेवन इथल्या टेक्साकोच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट झाला. त्याआधीच्या शेवटच्या अकरा मिनिटांत कंट्रोल रूममधल्या दोन ऑपरेटरांपुढे २७५ अलार्म आले होते. त्यांतला महत्त्वाचा कोणता, हे ओळखायला कोणत्याही माणसाला वेळ मिळाला नसता. सव्वीस जण जखमी झाले. मोठ्या कारखान्यांत कोणता अलार्म वाजवायचा आणि कोणता नुसता नोंदवायचा, याच्या तपशीलवार शिस्ती पुढे रुजल्या, त्यामागे असे अनुभव आहेत.

विकिपीडियावर जिवाची भीती नाही, पण मनाचा नियम तोच. गुरुजींनी तालुक्यातल्या गावांची मोठी यादी केली, प्रत्येक गावाचे अक्षांश-रेखांश मराठीत भरले आणि झलक पाहताना इशाऱ्यांच्या शेकडो ओळी कोसळल्या, तर ते लॅपटॉप मिटवून वाडीत पाणी लावायला जातील. पायथनने यावर साधा उपाय केला आहे. प्रोग्रॅमच्या त्याच जागेवरून तोच इशारा पुन्हा आला, तर नेहमीच्या मांडणीत तो एकदाच दाखवायचा. यादीच्या बाबतीत विभाग लिहिणाऱ्याने इशारे आधी मोजावेत आणि शेवटी एकच वाक्य द्यावे हे बरे: इतक्या गावांचे अक्षांश वाचता आले नाहीत, पहिले गाव अमुक.

वाक्य मराठीत असावे, हे वेगळे सांगायला नको होते, पण सांगावे लागते. विभाग बहुतेक वेळा इंग्रजी विकिपीडियावरून आणलेला असतो आणि त्यातले इशारे तसेच इंग्रजीत राहतात. ‘निल’, ‘आर्ग्युमेंट’, ‘स्ट्रिंग’ असे शब्द गुरुजींना काय सांगणार? ‘अक्षांशाच्या जागी लिहिलेले १७.४८ वाचता आले नाही’ असे लिहिले, तर पुढे काय करायचे ते कोणालाही समजते.

आणि खरे सांगायचे, तर या ठिकाणी इशाऱ्याची वेळच यायला नको. स्क्रिबुन्टोमध्ये ‘पार्सफॉर्मॅटेडनंबर’ नावाचे एक फंक्शन आहे. त्याला मराठी भाषा म्हणून हाक मारली, की ते देवनागरी आकडे वाचते आणि खरी संख्या परत देते. टूनंबरच्या जागी ते वापरणे म्हणजे एका ओळीचा बदल. मराठी माणसाला मराठी पानावर इंग्रजी आकडे टाइप करायला लावणारा इशारा कितीही नम्र भाषेत लिहिला, तरी तो चुकीच्या माणसाला सुनावलेला असतो. गुरुजींचे १७.४८ आहे तसे राहावे आणि शिकावे प्रोग्रॅमने. मग इशारा उरतो तो खऱ्या घोटाळ्यांसाठी: दशांशचिन्हाऐवजी स्वल्पविराम पडला, आकड्याला ‘उत्तर’ हा शब्द चिकटून राहिला, शून्याऐवजी ‘ओ’ पडला.

राहिला चौथा पत्ता. समजा गुरुजींनी घाईत दोन्ही आकड्यांची अदलाबदल केली: अक्षांश ७३.१९, रेखांश १७.४८. दोन्ही आकडे उत्तम वाचता येतात. लुआची तक्रार नाही, पर्लची नाही, पायथनचीही नाही. पृथ्वीवर असे ठिकाण खरोखरच आहे. ते नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर बेटाच्या अलीकडच्या थंडगार समुद्रात. कोणत्याही भाषेच्या पोटात असा इशारा आयता मिळणार नाही, कारण गुहागर कोकणात आहे हे भाषेला कुठून कळणार? ते विभाग लिहिणाऱ्याला माहीत असते. महाराष्ट्राच्या गावांची चौकट असेल, तर अक्षांश साधारण साडेपंधरा ते साडेबावीस आणि रेखांश साडेबहात्तर ते एक्क्याऐंशी यांच्यामध्येच हवा. या चार आकड्यांची तपासणी आणि त्याखाली अ‍ॅडवॉर्निंगची एक ओळ: ‘हे ठिकाण महाराष्ट्राबाहेर पडते आहे, अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल झाली का ते पाहा.’ गुरुजी झलक पाहतात, वरची ओळ वाचतात, दोन आकडे जागच्या जागी लावतात आणि पुन्हा झलक पाहतात. ठिपका वाशिष्ठी आणि शास्त्रीच्या मध्ये, किनाऱ्याला लागून उमटलेला असतो.